किकाम्बात ‘कुठे’ कसं सांगायचं: नवशिक्या मराठी माणसासाठी

किकाम्बा शिकायला बसलेला मराठी माणूस लगेच एक यादी मागतो. आत, बाहेर, वर, खाली, मागे, पुढे, जवळ, लांब. समोर मराठी शब्द, पलीकडे किकाम्बा शब्द, की झालं काम. ही यादी इतक्यात मागू नका. किकाम्बात ‘जागा’ ही शब्दयोगी अव्ययांनी दाखवायची गोष्ट कमी आणि वाक्यात कर्ता होऊन बसणारी गोष्ट जास्त आहे. हे आधी डोक्यात बसलं तर वरची यादी सहज पाठ होते. नाही बसलं तर यादी पाठ असूनही समोरच्याचं बोलणं डोक्यावरून जातं.

थोडी ओळख. किकाम्बा ही बांटू कुळातली भाषा, केनियातल्या काम्बा लोकांची. माचाकोस, माकुएनी आणि किटुई या तीन काउंट्या म्हणजे तिचं घर. २०१९च्या जनगणनेत केनियात काम्बा लोकांची संख्या ४६ लाखांहून अधिक भरली. किकुयू, एम्बू आणि मेरू या तिच्या सख्ख्या बहिणी, तर स्वाहिली जरा लांबची. मोम्बासाहून नैरोबीकडे रेल्वेने गेलात तर मटिटो अंडेई, किब्वेझी, एमाली ही स्टेशनं याच मुलखातली. १८९६ ते १९०१ या काळात जुनी रेल्वे टाकायला हिंदुस्थानातून नेलेले मजूरही इथूनच पुढे सरकले. माकिंडूचा गुरुद्वारा त्या रेल्वेच्याच दिवसांची आठवण.

आधी कान आणि लिपी

किकाम्बात सात स्वर आहेत आणि रोमन लिपीत स्वरांची पाचच अक्षरं. म्हणून ‘आय’ आणि ‘यू’ या अक्षरांवर नागमोडी रेघ काढून उरलेले दोन स्वर लिहितात. रेघवाला ‘आय’ कानाला आपल्या ‘ए’सारखा लागतो, रेघवाला ‘यू’ आपल्या ‘ओ’सारखा. साधं ‘ई’ (e) अक्षर म्हणजे मोकळा ॲ आणि साधं ‘ओ’ (o) अक्षर म्हणजे मोकळा ऑ. आपल्याकडे या चारही स्वरांसाठी खुणा तयार आहेत, हे मराठी माणसाचं नशीब. या लेखात मी शब्द कानाप्रमाणे लिहिले आहेत. ओठांतून हलकेच येणाऱ्या ‘व्ही’साठी ‘व्ह’ आणि ‘डब्ल्यू’साठी ‘व’, हा फरक मात्र जपून वाचा, कारण जागेचा सगळा संसार त्या ‘व्ह’वर उभा आहे. ‘टीएच’ दिसलं की उच्चार इंग्रजीतल्या ‘दिस’सारखा, म्हणून इथे ‘द’. ‘ऽ’ म्हणजे स्वर लांबवा.

मोबाइलवर आणि पाट्यांवर लोक ही नागमोडी रेघ बिनदिक्कत गाळतात. त्यामुळे कागदावर ‘नी’ दिसतं आणि कानावर ‘ने’ पडतं. नकाशावरचं उकाम्बानी हे नाव गावात ‘ओकाम्बाने’ असं ऐकू येईल.

पायरी पहिली: शेपटीचं ‘ने’

ओकाम्बाने या नावातच पहिला धडा आहे. ओकाम्बा म्हणजे काम्बांचा मुलूख, त्याला ‘ने’ जोडलं की ‘काम्बांच्या मुलखात’. हा ‘ने’ जवळजवळ कुठल्याही वस्तूच्या नावाला चिकटतो:

न्योम्बा (घर, म्हणजे इमारत) – न्योम्बाने
मोऽन्डा (शेत) – मोऽन्डाने
मॅसा (टेबल) – मॅसाने
न्झेआ (वाट) – न्झेआने
केऽमा (डोंगर) – केऽमाने
एतू (आभाळ) – एतूने

मराठी कानाची इथे पहिली फसगत होते. आपला ‘ने’ करणाचा किंवा कर्त्याचा: चाकूने, रामाने. न्योम्बाने ऐकलं की मन ‘घराने काहीतरी केलं’ असं वाचायला धावतं. सुरुवातीला मनातल्या मनात ‘ने’च्या जागी ‘-त’ किंवा ‘-वर’ ठेवून ऐका.

‘-त’ की ‘-वर’? इथे ‘ने’ मौन पाळतो. मॅसाने म्हणजे टेबलावर, न्योम्बाने म्हणजे घरात, केऽमाने म्हणजे डोंगरावर, न्झेआने म्हणजे वाटेत. आत, वर, पाशी यांतलं नेमकं काय ते वस्तूच सांगते, आणि टेबलाच्या बाबतीत कुणी ‘टेबलात’ असं समजत नाही, म्हणून भाषेने तिथे शब्द खर्च केलेला नाही. आणखी पुढे जाऊन, ‘कडे’ आणि ‘हून’ यांतला फरकसुद्धा ‘ने’ दाखवत नाही. कोदी मोऽन्डाने म्हणजे शेतात जाणं, कूमा मोऽन्डाने म्हणजे शेतातून. दोन्हीकडे मोऽन्डाने तेच. दिशा ‘कोदी’ (जाणं) आणि ‘कूमा’ (निघणं, पासून) यांच्यात आहे. मराठीत आपण शेतात, शेताला, शेतातून, शेताकडे असे प्रत्यय फिरवत राहतो. किकाम्बात क्रियापद फिरवा, नाम जागेवर राहू द्या. ‘इथपासून तिथपर्यंत’ सांगायचं तर कूमा नैरोबी न्गीन्या मोम्बासा, बस.

‘ने’ न घेणारे काही शब्दही आहेत आणि ते रोजचेच आहेत. गावांची नावं तशीच राहतात, वरच्या उदाहरणातल्या नैरोबी-मोम्बासासारखी. ‘मोस्ये’ म्हणजे घर-कुटुंब-गाव या अर्थाचं घर. त्वे मोस्ये, आम्ही घरी आहोत, प्रत्यय नाही. आपलं ‘घरी’ जसं ‘घरात’पेक्षा वेगळं आणि जुनं, तसंच काहीसं. ‘न्दे’ म्हणजे जमीन, पृथ्वी, खाली. एकाला न्दे, खाली बस. इथेही शेपटी नाही. शाळेत जाणं म्हणजे कोदी सूकूलू. हे शब्द वेगळे पाठ करा, नियम शोधत बसू नका.

आणखी एक ‘ने’ आहे, सुटा. वाक्यात स्वतंत्र येणारा आणि ‘हे आहे’ किंवा ‘हो, नक्की’ असा भर देणारा. ने मोसॅऑ म्हणजे (माणूस) चांगला आहे. शब्दाला चिकटलेला ‘ने’ जागेचा, सुटा ‘ने’ ठामपणाचा, एवढी खूण सुरुवातीला पुरते.

पायरी दुसरी: व्हा आणि को

आता खरा मामला. बांटू भाषांत नामांच्या जाती असतात. आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे डझनाहून अधिक वर्ग, आणि विशेषण, क्रियापद, ‘चा-ची-चे’ सगळे त्या वर्गाचा शिक्का घेऊन फिरतात. माणूस मोन्डो, चांगला माणूस मोन्डो मोसॅऑ. ‘मो’ला ‘मो’.

यांतले दोन वर्ग चक्क जागेचे आहेत. एकाचा शिक्का ‘व्हा’, दुसऱ्याचा ‘को’.

व्हान्डो म्हणजे एक ठिकाण, बोट दाखवता येईल असं. व्हान्डो व्हासॅऑ, चांगली जागा.
कोन्डो म्हणजे भाग, परिसर, ठिकाणं. कोन्डो क्विंगे, पुष्कळ ठिकाणी. कोन्डो क्वॉन्दॅ, सगळीकडे.

मोन्डो, व्हान्डो, कोन्डो ही तिन्ही एकाच साच्यातून निघालेली दिसतात, ती तशी आहेतच. शेवटचं ‘न्डो’ तेच, पुढचा शिक्का बदलला की माणसाची जागा झाली.

स्वाहिली येत असेल तर ‘व्हा’ म्हणजे तिथला ‘पा’ आणि किकुयूतला ‘हा’. मूळ बांटू ‘प’ किकाम्बात ‘व्ह’ झाला. स्वाहिलीत ‘आत’साठी तिसरा, ‘मू’चा वर्गही जोरात चालतो. किकाम्बात ‘आत’चं काम बहुतेक ‘न्देने’ हा शब्द करतो, त्यामुळे नवशिक्याने दोन वर्गांवर लक्ष ठेवलं तरी भागतं.

दोन्हींतला फरक इथे-तिथे म्हणताना सगळ्यात स्पष्ट दिसतो:

व्हाऽ – इथे, या जागी. व्हाऊ – तिथे, तुझ्याजवळ किंवा आत्ताच बोललो तिथे. व्हाया – त्या तिकडे
कोऽ – इकडे, या भागात. कोऊ – तिकडे, बोललो त्या भागात. कोया – पलीकडे लांब

ओका व्हाऽ, म्हणजे ये इथे, माझ्यासमोर. कोऽ ओकाम्बाने, म्हणजे इकडे आमच्या उकाम्बानीत. मराठीतल्या ‘इथे’ आणि ‘इकडे’ यांच्याशी हे बरंचसं जुळतं आणि पुस्तकातल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा मला हीच जोडी जास्त उपयोगी वाटते. मात्र मराठीत आपण दोन्ही शब्द सर्रास अदलाबदलीने वापरतो. किकाम्बात ‘ये व्हाऽ’च्या जागी ‘ये कोऽ’ म्हटलंत तर अर्थ सैल होतो. चर्चमध्ये गेलात तर एक जोडी वारंवार कानावर पडेल: कोऽ न्दे, इकडे पृथ्वीवर, आणि कोया एतूने, तिकडे स्वर्गात. एकाच जोडीत तीन धडे: न्देला शेपटी नाही, एतूला आहे, आणि दोन्ही जागा ‘को’च्या, कारण पृथ्वी किंवा स्वर्ग बोटाच्या टोकावर मावत नाही.

पायरी तिसरी: जागा कर्ता होते

‘पाणी आहे का?’ हे विचारायचं आहे. दुकानात शिरा आणि म्हणा: व्हॅ मान्झे? उत्तर येईल, व्हॅ (आहे), किंवा नुसतं, व्हाई (नाही).

हा ‘व्हॅ’ म्हणजे ‘व्हा’चा शिक्का आणि ‘असणे’ हे क्रियापद, दोन्ही एकजीव झालेले. म्हणजे वाक्याचा कर्ता पाणी नाही, जागा आहे. ‘ही जागा पाण्याची आहे’ अशी काहीशी रचना. व्हॅ मोन्डो, कुणीतरी आहे. व्हाई मोन्डो, कुणी नाही. आणि व्हाई देना, काही अडचण नाही, हे वाक्य तर दिवसातून इतक्यांदा ऐकाल की शिकवायची गरजच नाही. त्यातही तीच जागा कर्ता म्हणून उभी आहे.

इथे एक बारीक खड्डा. ‘व्हाई’ म्हणजे नाही. ‘व्हाए’ म्हणजे होतं. व्हाई मोन्डो, कुणी नाही. व्हाए मोन्डो, एक माणूस होता. फरक फक्त शेवटच्या स्वराचा, आणि नागमोडी रेघ गाळून लिहिलं की दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. मेसेजमध्ये हा शब्द आला की पुढचं-मागचं वाचूनच अर्थ लावा. बोलताना ‘ई’ आणि ‘ए’ नीट वेगळे काढा.

माणसं कुठे आहेत हे विचारताना मात्र कर्ता माणूसच राहतो आणि ‘व्हा?’ म्हणजे ‘कुठे?’ शेवटी येतो:

– म्वे व्हा? (तुम्ही कुठे आहात?)
– त्वे मोऽन्डाने. (आम्ही शेतात आहोत.)
– ॲ व्हा? (तो/ती कुठे आहे?)
– ॲ मोस्ये. (घरी आहे.)

प्रश्नाचा ‘व्हा’ आखूड, ‘इथे’चा ‘व्हाऽ’ लांब. फोनवर हा फरक ऐकू आला नाही तर समोरचा ‘कुठे’ विचारतोय की ‘इथे’ सांगतोय हेच कळत नाही. ‘जिथे’ म्हणायला व्हाला आणि कोला आहेत. व्हाला वे, तू जिथे आहेस तिथे.

पायरी चौथी: आता ती यादी

न्देने वा – च्या आत
एओलो वा – च्या वर, शिवाय ‘विषयी’
म्बॅऽ वा – च्या पुढे, समोर
एतीना वा – च्या मागे
ओतॅऽने वा – च्या बाजूला, कडेला
काते वा – च्या मध्ये
व्हाकूव्हे ना – च्या जवळ
व्हाऽसा ना – पासून लांब

बहुतेकांमागे ‘वा’, म्हणजे आपला ‘चा’. फक्त जवळ आणि लांब यांच्यामागे ‘ना’, म्हणजे ‘शी, सोबत’. या दोघांचं पोट फाडून पाहा: कूव्हे म्हणजे आखूड, आसा म्हणजे लांब, पुढे जागेचा शिक्का ‘व्हा’. आखूड जागा म्हणजे जवळ, लांब जागा म्हणजे दूर. दुसऱ्या पायरीवर घाम गाळला असेल तर हे दोन शब्द फुकट मिळाले. तसंच व्हाम्वॅ ना, म्हणजे ‘च्यासोबत’: ‘म्वॅ’ म्हणजे एक, एका जागी. संस्कृतातून आपल्याकडे आलेल्या ‘एकत्र’चीही घडण हीच. आणि व्हान्डो व्हा म्हणजे ‘च्या जागी, ऐवजी’, हे तर मराठीतून उचलल्यासारखं वाटावं.

‘ने’ पुरेसा असताना यादीतला शब्द वापरू नका. टेबलावरच्या पुस्तकासाठी मॅसाने चालतं. टेबलाखाली नाही, वरच, असं ठासून सांगायचं तेव्हा एओलो वा मॅसा. न्देने वाचं तेच. नवशिके दर वाक्यात न्देने वा घालतात आणि बोलणं सरकारी पत्रासारखं होतं.

मागे-पुढे काळासाठीही वापरतात, आणि मराठी माणूस इथे हमखास उलटा जातो. आपण ‘मागे एकदा भेटलो होतो’ म्हणतो, मागे म्हणजे भूतकाळ. किकाम्बात एतीना म्हणजे नंतर आणि म्बॅऽ वा म्हणजे आधी. रांगेत जो पुढे तो आधी पोचतो आणि जो मागे तो नंतर, हा त्यामागचा हिशेब. आपल्याकडे ‘मागाहून येतो’मध्ये हाच हिशेब शिल्लक आहे, तेव्हा एतीना ऐकलं की ‘मागाहून’ आठवा, ‘मागे एकदा’ नको.

उजवा-डावा सांगताना हाताचं नाव घेतात: क्वॉको क्वा आओमॅ, म्हणजे पुरुषांचा हात, हा उजवा, क्वॉको क्वा आका, बायकांचा हात, हा डावा. यावर मत द्यायचं असेल तर घरी गेल्यावर द्या, रस्ता विचारताना नको.

पायरी पाचवी: माणसाच्या जागेला ‘क्वा’

माणसांना जागेचा ‘ने’ लावत नाहीत. डॉक्टरकडे जाणं म्हणजे कोदी क्वा न्डाकेताले. क्वा म्हणजे ‘कडे’, त्या माणसाची जागा. त्यातलं ‘क’ हे ‘को’ वर्गाचंच. क्वाक्वा माझ्याकडे, क्वाकू तुझ्याकडे, क्वीतो आमच्याकडे. मोस्ये क्वीतो म्हणजे आमच्या घरी, आणि कुणी हे प्रेमाने म्हणालं तर ते आमंत्रण समजा.

नकाशावर हा ‘क्वा’ ठिकठिकाणी भेटतो. किटुई काउंटीत क्वा व्हॉन्झा नावाचं गाव आहे. तिथे साउथ ईस्टर्न केनिया युनिव्हर्सिटी आहे. याट्टा भागातलं किथिमानी हे नावही आता तुम्हाला उलगडेल: केदीमा म्हणजे विहीर किंवा झरा, पुढे ‘ने’. पण नकाशावरच्या दर ‘नी’वर झडप घालू नका, काही नावं मुळातच तशी असतात, त्यांची व्युत्पत्ती गावातल्या म्हाताऱ्यांवर सोडा.

स्वाहिलीहून येणाऱ्यांसाठी

केनियात राहणारे बरेच मराठी लोक आधी स्वाहिली शिकतात आणि तिच्या जोरावर किकाम्बात उडी घेतात. शब्दांसाठी ठीक आहे. व्याकरणात एका ठिकाणी ती घात करते. स्वाहिलीत नामाला ‘नी’ लागलं की ते नाम आपली जात सोडून जागेच्या वर्गात जातं: न्युम्बानी क्वांगू, माझ्या घरी, मोयोनी म्वांगू, माझ्या हृदयात. ‘माझं’ या शब्दाने जागेचा शिक्का घेतला. किकाम्बात तसं होत नाही. न्गॉऽ म्हणजे हृदय, न्गॉऽने याक्वा म्हणजे माझ्या हृदयात, आणि ‘याक्वा’ हा ‘न्गॉऽ’च्याच वर्गाचा शिक्का घेऊन येतो. दायोने वीतो, आमच्या आयुष्यात. इथेही आयुष्याचाच शिक्का. शेपटी लागली तरी जात तीच.

मराठीला हे अगदी सरळ वाटेल. ‘माझ्या घरात’ म्हणताना ‘माझ्या’ हे घराशी जुळवून घेतं, ‘-त’शी नाही. म्हणजे या एका बाबतीत स्वाहिली न येणारा मराठी माणूस स्वाहिली येणाऱ्यापेक्षा बऱ्या जागी उभा आहे. व्हाऽ, को, व्हान्डो, क्वा हे जागेचेच शब्द तेवढे जागेचा शिक्का मागतात. ‘ने’ लागलेली साधी नामं मागत नाहीत. हा नियम एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

सराव कसा करावा

सुरुवातीचे दिवस फक्त व्हॅ आणि व्हाई वापरा. दुकानात, बसथांब्यावर, पाण्याच्या टाकीपाशी. प्रश्नही तोच, उत्तरही तेच. मग ओका व्हाऽ, एकाला न्दे, ॲ व्हा. ‘ने’ची नामं त्यानंतर, आणि तीही तुम्ही दिवसभरात खरोखर जिथे असता तीच: शेत, वाट, घर. यादीतले शब्द सगळ्यात शेवटी.

छापील किकाम्बा मजकुरात बायबल आणि इतर धार्मिक पुस्तकंच जास्त, तिथे नागमोडी रेघा शिस्तीत असतात, म्हणून स्वर तपासायला ती बरी. पण त्यांची भाषा जरा भारदस्त असते. माचाकोसकडचं आणि किटुईकडचं बोलणं सारखं नाही, शब्दांत आणि उच्चारांत फरक ऐकू येतो. ज्या गावात राहणार त्या गावचं घ्या. शब्दांचे चढउतारही अर्थ बदलतात आणि ते कुठल्याच लिपीत उमटत नाहीत, त्यामुळे नवा शब्द कुणाकडून ऐकल्याशिवाय स्वतः म्हणू नका. लहान मुलं यासाठी उत्तम: त्यांना व्हाऽ की व्हाऊ असं विचारत वस्तू इकडून तिकडे ठेवायला लावा, चुकलात तर ती लगेच हसतात आणि बरोबर म्हणून दाखवतात.